पाळण्याचे पोपट

घरात माझं नाव 'प्लास्टिकची सोनोग्राफीवाली' असं पडलंय. पाडलं ते चन्नूनं, माझ्या धाकट्या भावानं. त्याचं खरं नाव चनमल्लप्पा, आजोबांचं ठेवलेलं. ते त्याला मुळीच आवडत नाही, म्हणूनच की काय, दुसऱ्यांना नावं ठेवायची त्याला फार हौस.

तसं नाव चुकीचं नाही. मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लास्टिकमध्ये आवाज सोडायचा, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, आणि तो या टोकापासून त्या टोकाला किती वेळात पोचतो ते मोजायचं, हे माझं काम. वस्तू ताठ असेल तर आवाज झपझप जातो, आतून ढिली असेल तर रेंगाळतो. तुकडा न मोडता त्याच्या अंगात किती दम आहे याचा अंदाज येतो. पोरांनी प्रयोगशाळेच्या दारावर एकदा कागद चिकटवला होता, 'येथे प्लास्टिकचे लिंगनिदान केले जात नाही.' मी आधी भडकले, मग मलाच हसू आलं, आणि तो कागद तिथंच राहिला.

त्या शनिवारी चन्नूच्या बाळाचं बारसं होतं आणि माझ्याकडे प्रॅक्टिकलची परीक्षा. मी बाळाची एकुलती एक आत्या. कानात कुर्र करून नाव मीच सांगायचं, तो माझा मान. रजा मागितली तर विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, बारसं दुपारनंतरच असतं ना?" जणू यांच्या घरी पाळणाच हलला नाही कधी. बाहेरगावचे परीक्षक येणार होते, त्यामुळे चडफडत गेले.

आता पाळण्याचं सांगते. आमचा पाळणा लाकडी, मी आणि चन्नू दोघंही त्यातच वाढलो. चार कोपऱ्यांना चार साखळ्या आणि प्रत्येक साखळीत एक पितळी पोपट. पोपटाच्या डोक्यात एक भोक, शेपटीत एक. वरची कडी डोक्यात अडकते, खालची शेपटीत. म्हणजे पोपट नुसता शोभेचा नाही, पाळण्याचा सगळा भार त्याच्या मानेतून जातो. चाळ सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा चारातले तीन पोपट कुठं उडाले ते कुणालाच कळलं नाही. अव्वा, म्हणजे आमची आई सुंदरम्मा, उरलेला एक पोपट हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "लावा आता साध्या कड्या. काय करायचं." तिचा तो चेहरा बघून माझ्या अंगात आलं. म्हटलं, थांब, चारही पोपट मी करून देते.

पितळी पोपटाची मापं घेतली, संगणकावर त्याचं चित्र काढलं, बाळाचं आणि पाळण्याचं वजन धरून मान किती जाड हवी ते काढलं, वर आणखी भरपूर सूट ठेवली. मग कॉलेजबाहेरच्या सिद्धनाथकडे छापायला टाकलं. सिद्धनाथ मूळचा वैरागचा, चाळिशीचा माणूस. आधी लग्नपत्रिका छापायचा, आता प्लास्टिक छापतो, आणि दोन्हींवर सारखंच प्रेम करतो. पोपट हिरवेगार आले. चोची मी घरी बसून लाल रंगवल्या. अव्वानं त्यांची दृष्ट काढली, आता बोला.

प्रत्येक छपाईबरोबर एक छोटा चौकोनी ठोकळा छापून घ्यायचा, हा माझा नियम आहे. वस्तू जशी ठेवून छापली तसाच ठोकळाही, आणि त्याच्यावर एक बाण. बाण म्हणजे वस्तूची लांबी. मग वस्तूला हात न लावता ठोकळ्यात आवाज सोडून बघायचं. हा नियम विद्यार्थ्यांसाठी फार कडक आहे. पोपटांचा ठोकळा मात्र माझ्या पर्सच्या कप्प्यात नाण्यांबरोबर लोळत होता. घरचं काम, त्यात पोपट इतके देखणे, तपासायचं सुचलंच नाही.

परीक्षा मध्यावर आली तेव्हा परीक्षकांना हुक्की आली. म्हणाले, "मुलांनी आधी कधी न पाहिलेला तुकडा द्या, मॅडम." माझ्याकडचे सगळे तुकडे मुलांनी वर्षभर चोळून गुळगुळीत केलेले. मी पर्समध्ये हात घातला आणि पोपटांचा ठोकळा एका मुलीपुढे ठेवला. मनात म्हटलं, बरं झालं, फुकटात तपासून होईल.

तिनं जेल लावलं, दोन्ही बाजूंनी प्रोब टेकवले, स्क्रीनवरची उसळी बघितली. मग ठोकळा फिरवून पुन्हा. मग परत. बराच वेळ गेला तसं मी विचारलं, "काय अडलंय?"

"मॅडम, बाणाच्या दिशेनं कमी येतंय. बाकीच्या दोन दिशांनी बरोबर येतंय."

"जेल नीट लाव. हवा राहिली असेल मध्ये."

"तीनदा लावलं, मॅडम."

"मग जाडी चुकीची मोजली असशील. सरक." मी तिला जवळजवळ ढकललंच.

स्वतः जाडी मोजली, यंत्र धातूच्या ठोकळ्यावर लावून बघितलं, ते ठीक होतं. मग पोपटांचा ठोकळा घेतला. आडव्या दोन्ही दिशांनी आवाज सेकंदाला बावीसशे मीटरच्या आसपास, जसा हवा तसा. बाणाच्या दिशेनं अठराशेसुद्धा भरेना. माझी बोटं जेलनं बुळबुळीत झाली होती की घामानं, ते मला कळेना.

खरं तर बाणाच्या दिशेनंच तो सगळ्यात जोरात जायला हवा होता. मी ठोकळा खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला. बारीक बारीक थर दिसले, बाणाला आडवे.

छापलेलं प्लास्टिक म्हणजे भाकरीची चवड असते. थरावर थर. चवडीतली एखादी भाकरी दोन बाजूंनी ओढली तर ती फाटावी लागते, त्याला जोर लागतो. पण वरची भाकरी वर ओढली तर ती नुसती सुटून येते. माझ्या पोपटांच्या मानेत थर आडवे पडले होते, आणि पाळण्याचा भार त्यांना एकमेकांपासून सोडवायला बघणार होता.

बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन सिद्धनाथला फोन लावला.

"सिद्धनाथ, पोपट कसे ठेवून छापले?"

"लई भारी आले न्हाय का, म्याडम? घरी आवडले का?"

"आडवे झोपवून छापले की उभे करून?"

"उभे की. तुमीच म्हनला, उभं पायजे, उभं पायजे. दोनदा म्हनला. मी इचारलं बी, झोपवून घेऊ का, लवकर हुईल. तर तुमी वरडला माझ्यावर. म्हनला, सांगितलंय तसं करा."

मी ओरडले होते. आठवलं मला. घाईत होते, आणि घाईत नसते तरी ओरडलेच असते.

"अहो, मी धागा उभा म्हणाले होते! धागा लांबीनं पडला पाहिजे, असं!"

"प्लास्टिकात कसला आलाय धागा, म्याडम?" तो खरोखरच गोंधळला होता. "पोपट उभा करा, असंच समजलो मी. काय झालं? मोडला का काय?"

आम्ही विणकराच्या घरातले. आमचे अप्पा जन्मभर चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आमच्या घरी 'उभा' म्हणजे लांबीचा धागा आणि 'आडवा' म्हणजे धोट्याबरोबर रुंदीनं जाणारा. चादर गादीवर पसरलेली असो की घडी होऊन कपाटात पडलेली, तिचा उभा धागा उभाच. हे मी दूध पिता पिता शिकले, म्हणून जगाला शिकवायचं राहून गेलं. वैरागच्या माणसाला उभा म्हणजे पायांवर उभा. त्यानं बिचाऱ्यानं चारही पोपटांना पायांवर उभं केलं होतं. पाचवा पोपट माझा झाला, तोही उभ्या उभ्या.

हसू मात्र आलं नाही. 

मी स्वतःला समजावायला लागले. आवाज ताठरपणा सांगतो, तुटण्याची वेळ सांगत नाही. आवाज हळू गेला म्हणजे मान तुटेलच असं नाही. मी इतकी सूट ठेवलीय, कदाचित धरेल. खात्री करायची तर ठोकळा ओढून तोडणारं यंत्र आहे, पण ते दुसऱ्या इमारतीत कुलपात, आणि किल्लीवाले केम गावी भाचीच्या लग्नाला. नुसता भार असता तरी एक वेळ ठीक. पण पाळणा म्हणजे झोका. दर झोक्याला मान ताणणार, ढिली होणार, पुन्हा ताणणार. आणि चारातला एकच पोपट गेला तरी तो कोपरा खाली जाईल, बाळ घसरेल, आणि घसरेल ते डोक्यावर. बारा दिवसांचं बाळ, त्याची टाळू अजून उडतेय.

आत येऊन परीक्षकांना म्हटलं, घरी निकड आहे. त्यांनी विचारलं, या मुलीचं काय करायचं? मी म्हटलं, "पूर्ण मार्क द्या. तिनं बरोबर मोजलंय." आणि पर्स उचलून पळाले.

रिक्षात बसल्या बसल्या चन्नूला फोन लावला. मागं बायकांचा कलकलाट.

"अक्का, कुठं हायेस? काय करूलालीस अजून? समद्या बायका जमल्या की."

"चन्नू, नीट ऐक. बाळाला पाळण्यात घालू नका."

"काय? ऐकू येईना झालंय. थांब, स्पीकरवर टाकतो."

"बाळाला पाळण्यात घालू नका!"

कलकलाट एकदम थांबला. मग अव्वाचा आवाज आला, दबका. "काय बोललीस?"

"अव्वा, ते पोपट आहेत ना..."

"बारशाच्या दिवशी असलं तोंडातून काढतीस? एवढं शिकलीस ते हेच व्हय? तोंड धू आधी, आणि मग ये." फोन बंद.

चूक माझी होती. आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटलं असं कुणी म्हणत नाही, तेही वाढतंच. सगळ्या मोडतोडीला आमच्याकडे शुभ शब्द आहे. रिक्षात बसून मी शोधत होते की पाळणा पडेल याला काय म्हणायचं. त्याला कुणी शब्द करून ठेवलेला नाही. तो विचारच कुणी केलेला नाही, आणि मी तो स्पीकरवर केला होता.

पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एकाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. रिक्षावाला उतरून बघून आला आणि म्हणाला, "टाइम लगेगा, मॅडम." मी चालत जायचा विचार केला आणि सोडून दिला.  इकडे मी बसलेय आणि तिकडे बायका पाळण्याभोवती उभ्या आहेत, माझ्या भावजयीची, निवेदिताची आई बाळाला उचलते आहे, असं सारखं डोळ्यांपुढं येत होतं. चन्नूनं तेवढ्यात फोटो पाठवला, पाळणा सजलाय बघ म्हणून. मी फोटो मोठा करकरून पोपटांच्या माना बघितल्या. त्यांना हळदकुंकू फासलं होतं, त्याखाली काही दिसेना.

मग एक गोष्ट सुचली. काळजी अशुभ असते, पण रुसवा अशुभ नसतो. आत्या बारशाला रुसतेच, आणि माझा स्वभाव तर आमच्या साऱ्या अक्कलकोट रोडला माहीत आहे. मी अव्वालाच फोन लावला आणि आवाज चढवला.

"मी यायच्या आत बाळाला पाळण्यात घातलंत तर बघा! आत्या कोण आहे? मी आहे की दुसरी कुणी? माझ्याशिवाय उरकायचं असेल तर नावही तुम्हीच ठेवा. मी पायरी चढणार नाही पुन्हा!"

पलीकडे अव्वानं सुस्कारा टाकला. तिला बरं वाटलं होतं, स्पष्ट ऐकू आलं मला. "असं सांग की मग," ती म्हणाली, "रुसलीस म्हणून बोललीस व्हय मघाशी. ये बाई, ये. थांबतो आमी." आणि बायकांना म्हणाली, "महेश्वरीचं नाक लई वर हाय. थांबा जरा."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नाकाचा कुणाला उपयोग झाला.

जिने चढून दारात पोचले तेव्हा छाती भात्यासारखी होत होती. आधी बाळ बघितलं. ते निवेदिताच्या मांडीवर झोपलं होतं, मुठी आवळून. मला रडूच कोसळणार होतं, पण तेवढ्यात पाळणा दिसला. झेंडूच्या माळा, मधोमध टांगलेला, आणि चार कोपऱ्यांना माझे चार पोपट, लाल चोचींचे. इतके सुंदर दिसत होते की मला त्यांचा राग आला.

चन्नूला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं, उभ्या धाग्यापासून. त्याचा चेहरा उतरला.

"पण अक्का, तूच म्हणालीस ना, मोठा माणूस लोंबकळला तरी धरंल?"

"ते बरोबर छापले असते तर."

"म्हणजे तुटंल?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाय म्हणजे काय? तुजं मशीन काय म्हणतंय?"

"मशीन म्हणतंय आवाज हळू जातोय. तुटेल की नाही ते मशीन सांगत नाही."

तो ओट्याला टेकला. "पाळण्याची पूजा झालीय. आता उतरवला तर अव्वा जीव देईल. असं करू, बाळाला नुसतं घालू, फोटो काढू, लगेच उचलू. मी खाली हात धरून बसतो."

"फोटोपुरतंसुद्धा नाही."

"मग सांग तूच तिला."

"तू बाप आहेस त्याचा!"

"आणि तू आत्या," तो म्हणाला. बाहेरून हाक आली तसा तो निघूनच गेला.

बाहेर अव्वा वरवंट्याला झबलं घालत होती. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायची आमच्यात रीत आहे. त्याला न्हाऊ घालतात, काजळ लावतात, टोपरं बांधतात आणि गुंडप्पा म्हणतात. तो बाळाचा थोरला भाऊ. लहानपणी मला या रीतीचं हसू यायचं, दगडाला कसलं टोपरं म्हणून. आता मी त्या काळ्या दगडाकडे आशेनं बघायला लागले. बाळापेक्षा तो जडच होता. तरी मला पुरेना.

"दोन घाला," मी म्हणाले.

"काय दोन?"

"गुंडप्पा. जोडीनं घालतात आता. आमच्या कॉलेजातल्या मॅडमकडे तसंच केलं."

अव्वानं माझ्याकडे रोखून बघितलं, पण शेजारच्या गोदावरीकाकूंना कल्पना आवडली. त्या धावत जाऊन त्यांचा वरवंटा घेऊन आल्या. दोन काळे गुंडप्पा पाळण्यात शेजारी शेजारी झोपले. पाळण्याची दोरी मी माझ्या हातात घेतली. आत्याचा मान म्हणून कुणी काही बोललं नाही. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि मी झोके द्यायला लागले, रीतीला लागतात त्याहून मोठे.

"हळू गं," कुणीतरी हसलं, "दगडाला चक्कर येईल."

मी हसले नाही. एका हातात दोरी होती, दुसरा हात मी जवळच्या साखळीवर ठेवला. पोपट धरून होते. झोका, झोका, झोका. एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी धरून होते. माझं मलाच वाटायला लागलं की उगाच घाबरले, आकडा आणि प्रत्यक्ष वस्तू यांत फरक असतो, चन्नू म्हणतो तसं करू. तेवढ्यात हाताखाली काहीतरी झालं.

टक्.

आवाज म्हणावा असा नव्हताच. शेंग फोडताना येतो त्याच्याही निम्मा. बायकांच्या गाण्यात तो कुणालाच ऐकू गेला नाही. मलाही तो कानांनी नाही, बोटांनी कळला. मी झोका थांबवला. पोपटाकडे बघितलं, हळदीनं माखलेला, साजरा, जसा होता तसा.

"झालं, बास," अव्वा म्हणाली. "निवेदिता, आण बाळाला."

निवेदिता उठली. बाळाला दोन्ही हातांवर घेऊन पाळण्याकडे आली. सगळ्यांनी मोबाइल वर केले. मी तिच्या आणि पाळण्याच्या मध्ये उभी राहिले.

"पाळणा पडेल," मी म्हणाले.

कुणाला वाटलं मी मस्करी करतेय. एक बाई हसलीही. अव्वा हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं आली.

"महेश्वरी..."

"पडेल, अव्वा. पोपटाची मान तुटेल. तुटेलच म्हणतेय मी, वाढेल म्हणत नाही. मी चुकीचे करून आणलेत ते. तुला काय बोलायचंय ते मला बोल, पण बाळ त्यात जाणार नाही."

अव्वाचं तोंड पांढरं पडलं. निवेदिताच्या आईनं पदर तोंडाला लावला. सुपारीएवढं बाळ, भरलं घर, आणि मी दारात उभ्या असलेल्या सटवाईसारखी बोलत होते. माझ्याकडे पुरावा काय होता? एक आकडा, आणि बोटांना लागलेली एक टिचकी. मला वाटलं, आता हे घर मला कायमचं बंद झालं. तरी पाय हलले नाहीत.

निवेदितानं माझ्याकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, आणि बाळाला छातीशी धरून परत जागेवर जाऊन बसली. "अक्का सांगत्यात तर बघा आधी," ती हळूच म्हणाली. "मी बसले हितं."

 अव्वाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मग ती चन्नूला म्हणाली, "उतरव. पूजलेला पाळणा उतरव. होऊ दे हिच्या मनासारखं."

गोदावरीकाकूंनी दोन्ही वरवंटे उचलून घेतले. चन्नू स्टुलावर चढला. दोघीतिघींनी पाळणा खालून उचलून धरला. त्यानं पहिला पोपट कडीतून काढला. तो धड होता. दुसरा काढला, तोही धड. त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. तिसराही धडच. चौथा, मी जिथं हात ठेवला होता त्या कोपऱ्यातला. त्यानं तो धरला, कडी सुटावी म्हणून जरासा वळवला, आणि त्याचा हात खाली आला. हातात पोपटाचं अंग होतं. डोकं लाल चोचीसकट वरच्या कडीत लटकत राहिलं होतं.

चन्नू स्टुलावर तसाच उभा राहिला. हातातल्या त्या तुकड्याकडे बघत होता.  मग लहानपणापासून जे शिकवलं होतं तेच त्याच्या तोंडून आलं.

"अव्वा," तो म्हणाला, "पोपट वाढला."

अव्वानं ताट खाली ठेवलं. पोपटाचं अंग त्याच्याकडून घेतलं, मान जिथं सुटली होती तिथं बोट फिरवलं. अगदी सपाट सुटली होती, भाकरीवरून भाकरी उचलावी तशी. मग ती वरवंट्यांकडे गेली, खाली बसली आणि आमच्या गुंडप्पाच्या कपाळाला पुन्हा एकदा कुंकू लावलं. "थोरल्यानं धाकट्याचं अंगावर घेतलं," एवढंच म्हणाली. मग दुसऱ्यालाही लावलं.

पाळणा पुन्हा टांगला तो माळ्यावरच्या सुताच्या दोरीनं. अप्पांनी कारखान्यातून कधीतरी आणलेली, मनगटाएवढी जाड. चन्नूनं गाठी मारल्यावर अव्वा स्वतः पाळण्याला लोंबकळली, तिचं सारं अंग टाकून, नऊवारीसकट. दोरी हूं का चूं करेना. बायका हसायला लागल्या, तेव्हा कुठं त्या घरात पुन्हा बारसं आहे असं वाटलं. बाळ पाळण्यात गेलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, ते झोपलेलंच होतं.

"ये की आता, रुसूबाई," अव्वा माझ्याकडे न बघता म्हणाली. "कुर्र कर."

मी वाकले. आत्या कानाशी वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, ती आमच्याकडची गंमत. सगळ्या माझ्यामागं जमल्या. बाळाच्या कानाला दुधाचा आणि धुरीचा वास येत होता. मी दिवसभर दुसऱ्याच कशाकशात आवाज सोडत बसले होते. आता या एवढ्याशा कानात पहिला शब्द टाकायचा होता, आणि तो नाव म्हणून निघेना. "चुकले रे," मी म्हणाले. अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं. मग कुर्र केलं, आणि मग सांगितलं, "ओजस."

बुक्के पडायला लागले, हसत, हलकेच. त्यात एक असा पडला की माझा श्वासच अडकला. मागं वळून बघायची गरज नव्हती. तो बारशाचा नव्हता, तो स्पीकरवरच्या त्या वाक्याचा होता, पूजा मोडल्याचा होता, चार पोपटांचा होता. बाकीच्या बायकांचे हात निघून गेले. अव्वाचा हात बुक्का मारून तिथंच राहिला, माझ्या पाठीवर, आणि मूठ हळूहळू सुटत गेली.